परातीतलं मिठागर

“पानी आला तं पयला काय उचलशील?”

आम्ही पनवेलला खोली बघायला गेलो तेव्हा बायने विचारलेला पहिला प्रश्न हा. माणसं किती, नोकरी कुठे, मटण-मच्छी करता का, यातलं काही नाही. ती अंगणातल्या ओट्यावर पाय सोडून बसली होती, लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, आणि आम्ही नवरा-बायको तोंडी परीक्षेला आल्यासारखे समोर उभे. नवरा तेव्हा नुकताच न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात लागला होता. त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, “कागदपत्रं.”

“कागद सरकार दुसरा देल,” असं म्हणून तिने त्याला निकालात काढलं आणि माझ्याकडे वळली. “तू गो?”

मी माण तालुक्यातली. पूर हा शब्द मी भूगोलाच्या पुस्तकात वाचलेला. आमच्या घरात सगळ्यात जपायची वस्तू कुठली, तर भरलेली कळशी. तेच तोंडातून निघून गेलं. “प्यायच्या पाण्याची कळशी.”

बाय माझ्याकडे बघत राहिली. मग अशी हसली की ओट्याखाली बसलेली कोंबडी उठून पळाली. “पानी आल्यावं पानीच उचलतेस? माजे बाय!” हसता हसता तिने कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. तिच्या लेखी उत्तर बरोबर होतं, हे मला पहिल्या पावसाळ्यात समजलं. पुरात सगळीकडे पाणी असतं, फक्त प्यायला नसतं. आमच्या गावाला पाणी येणार नाही म्हणून भरून ठेवायचं, आणि पनवेलला पाणी येणार म्हणून. भरायचं दोन्हीकडे, एवढंच.

तिला सगळे बाय म्हणत. अहो-जाहो केलेलं तिला खपत नसे. मी एकदा सवयीने “तुम्ही” म्हणाले तर तिने मागे वळून बघितलं, आणखी कोण आलंय म्हणून. गाढी नदीपासून हाकेच्या अंतरावर तिची चार खोल्यांची बैठी चाळ होती. वर गच्ची, पुढे अंगण. कडेच्या खोलीत ती स्वतः, मग एक शिंपी चाचा आणि त्यांचं कुटुंब, मग आम्ही, आणि शेवटच्या खोलीत सतत बदलणारे यार्डातले दोन-तीन पोरगे. तिचा मुलगा रोडपालीला राहायचा. चांगला बिल्डर होता, गाडी घेऊन यायचा, आणि आईला “आता चल तिकडे” म्हणून रिकाम्या हाताने परत जायचा.

खोलीचं भाडं बेताचं होतं, पण सोबत येणारा सरंजाम बघून माणूस गांगरून जाई. प्रत्येक खोलीच्या छताला ओळीने लोखंडी आकडे. प्रत्येक खोलीत घट्ट झाकणाचं एक निळं प्लास्टिकचं पिंप. त्यात काय ठेवायचं, हे बाय स्वतः येऊन सांगणार: एक जोडी कपडे, औषधं, टॉर्च, सेल वेगळ्या पिशवीत, मेणबत्त्या, आणि काडेपेट्यांचा डबा, त्यात तळाला मूठभर तांदूळ, ओल खायला. गॅसची टाकी भिंतीला दोराने बांधलेली. मी विचारलं, एवढी जड वस्तू बांधायची कशाला? “रिकामी झाली का तरंगते गो ती, होडीवानी. पाइप तोरून घरभर फिरल.” पलंगाखाली विटांची चवड तयार. आणि मोरीच्या भोकाएवढा एक गोल दगड, फडक्यात गुंडाळलेला. तो दगड मला कळेचना. पाणी दारातून येतं अशी माझी समजूत. बाय म्हणाली, “दारानं पाव्हना येतो. पानी मोरीतून येतो. आदी मोरी बंद कर, मंग दाराकडं बग.”

कुठल्याही दुखण्यावर तिचा उपाय एकच होता: वर ठेव. पीठ ओलं झालं, वर ठेव. मांजर दूध पितं, वर ठेव. माझं आणि नवऱ्याचं भांडण होऊन मी अंगणात येऊन बसले, तर माझ्या बाजूला बसून तांदूळ निवडत म्हणाली, “राग हाय ना? र्‍हाऊं दे. आता वर ठेव. जेवन झाल्यावं काढ.” जेवण झाल्यावर काढायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

पण खरी गंमत असायची उधाणाची. पावसाळ्यात अमावास्या आणि पौर्णिमेला खाडीची भरती मोठी असते आणि ती भर दुपारी येते, त्याला उधाण म्हणतात. नेमका त्याच वेळी डोंगराकडे पाऊस असला की नदीचं पाणी खाडीत शिरत नाही, मागे फिरतं आणि गावात येतं. अष्टमीच्या आसपास भरती लहान, तो भांग. भांगाला घोर नाही. हे बायचं पंचांग, आणि त्यावर तिचा देवापेक्षा जास्त भरवसा. पावसाळ्यातल्या प्रत्येक उधाणाला, पाऊस असो नाहीतर कडक ऊन, ती दुपारी अंगणात उभी राहून तेलाचा रिकामा डबा उलथन्याने बडवायची. डबा वाजला की ज्याने-त्याने हातातलं टाकून घर वर न्यायचं. मोरीत दगड, मेन स्विच बंद, पलंग विटांवर, गाद्या आकड्यांना, चाचांचं शिलाई मशीन दोघांनी धरून टेबलावर. मग बाय छत्री घेऊन पाहणीला. एखादी चप्पल जमिनीवर दिसली तरी तिचं तोंड सुटे.

एकदा माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या. पलंगावर बसून चहा घेत होत्या आणि बाहेर डबा वाजला. मी ओशाळून म्हटलं, आज राहू दे, पाहुणे आहेत. तोवर बाय आणि चाचा आत. “पाव्हनी बसूं दे. तू त्या कोपऱ्याला धर.” आणि सासूबाई, कपबशी हातात, पलंगासकट वर गेल्या. त्यांनी चहा सांडू दिला नाही, हे बायला फार आवडलं. जाताना बाय त्यांना म्हणाली, “तुमी हिथंच र्‍हा. तुमाला पानी काय करनार नाय.” सासूबाई पुढे वर्षानुवर्षं ही गोष्ट सांगायच्या, आणि दर वेळी पलंग थोडा आणखी वर जायचा.

आम्ही हसायचो खरं, पण तिच्यासमोर नाही. तिचं माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. उधाणाला बांध फुटला की त्याला खांड जाणं म्हणायचे. “खांड गेलीऽऽ” अशी आरोळी आली की गावातलं प्रत्येक घर जे हाताला लागेल ते घेऊन बांधावर धावायचं, लग्नाच्या मांडवातलंसुद्धा. एका उधाणात रात्रंदिवस राबून ओढलेली अख्ख्या हंगामाची रास पाण्यात जाताना तिने लहानपणी बघितली होती. “मीठ जाताना आवाज नाय करत गो,” एवढंच ती त्याबद्दल बोलायची.

पुढे ती जमीन बंदरासाठी गेली. मिठागरावर भराव पडला, आता तिथे कंटेनरांच्या चळती आहेत. शेवटच्या राशीतलं एक मडकंभर मीठ तिने माहेराहून आणलं होतं. मोठे, करडे, ओबडधोबड खडे. ते मडकं चुलीच्या उबेला असायचं, तोंडाला फडकं बांधलेलं. “आमचा मिठागर आता एवराच उरला,” असं ती आल्यागेल्याला दाखवायची. ते ती स्वयंपाकात वापरत नसे. कुणी आजारी पडलं तर पेजेत एक खडा. आणि नवीन भाडेकरू आला की त्याला मूठभर, घरात पहिलं मीठ जावं म्हणून. मी माझं औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत भरलं आणि पिंपात ठेवून दिलं. उधाणाला डबा वाजवण्याआधी बाय सगळ्यात पहिलं काम कुठलं करायची, तर मडकं कडेवर घेऊन गच्चीच्या जिन्यावरच्या कोनाड्यात ठेवून यायची. आम्हाला विचारलेल्या प्रश्नाचं तिचं स्वतःचं उत्तर हे होतं.

आणि मग एका श्रावणात तिचं पंचांग चुकलं.

आदल्या दिवसापासून पाऊस थांबला नव्हता. डोंगराकडच्या नेऱ्याहून आलेला दूधवाला म्हणाला, वर डोंगर दिसत नाहीत, ओढे रस्त्यावर आलेत. मी बायला विचारायला गेले. ती चुलीपुढे बसून भाकऱ्या थापत होती. “आज अष्टमी. भांग हाय,” ती मान वर न करता म्हणाली. “नदीला किती बी पानी येऊं दे, खाडी गिलून टाकल. जा, भात लाव.” मी निर्धास्त होऊन गेले आणि भात लावला. बायने सांगितल्यावर काळजी करायची आम्हाला सवयच राहिली नव्हती.

कुकरची शिट्टी व्हायच्या आत मोरीतून गुळण्या केल्यासारखा आवाज आला. मी बघेपर्यंत काळं पाणी उंबऱ्याला टेकलं होतं. नवरा ड्यूटीवर. मी दगड मोरीत दाबला, गॅस बंद केला आणि बाहेर धावले. बाय अंगणात उभी होती, पोटरीभर पाण्यात. तिने वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

“गोरा पानी हाय,” ती म्हणाली, म्हणजे गोडं. “खाडीचा नाय. आज भांग हाय. आज कसा येतो ह्यो?”

ती हे मला विचारत नव्हती, पाण्याला विचारत होती. उत्तर आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. नदीच्या दोन्ही अंगांना जी भाताची शेतं होती, तिथे आता भराव होता आणि भरावावर इमारती. पाण्याला पसरायला जागाच उरली नव्हती, त्याला उधाणाची वाट बघायची गरज काय? पण बायचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. फसवलं गेलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा. क्षणभरच. मग तिने डबा बडवायला घेतला.

त्या दिवशी आम्हाला कळलं की आम्ही कशात तयार झालो होतो. कुणी कुणाला काही विचारलं नाही. चाचांचं मशीन टेबलावर, टेबलावरून आकड्याला. गाद्या वर, पिंपं गच्चीवर, यार्डातले पोरगे जिन्यावर ओळ धरून. बाय आमच्या प्रत्येक खोलीत शिरून स्वतः मेन स्विच बघत होती. “मी सांगितला झोपा म्हनून,” असं पुटपुटत ती आमच्या वस्तू ओढत होती, जणू पाणी तिनेच सोडलं होतं. पाणी कमरेला लागलं तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर होतो आणि आमच्यापैकी कुणाची एक चप्पलसुद्धा खाली नव्हती. मी वर आणलेल्या कळशीतून तिला पेलाभर पाणी दिलं. ती ते तोंडाला लावणार, तेवढ्यात तिचा हात थांबला.

“मीठ,” ती म्हणाली.

भांगाचा दिवस. मडकं चुलीजवळ होतं. आमच्या घरात शिरण्याच्या नादात ती स्वतःच्या घरात गेलीच नव्हती. चाचा जिन्याकडे वळले, “मी आणतो, बाय, अल्ला मालिक.” तिने त्यांचा सदरा मागून धरला. “र्‍हाऊं दे. गेला आसल. तो आवाज नाय करत.” आणि ती कठड्याला टेकून खालच्या पाण्याकडे बघत बसली. मला त्या वेळी रडू आलं, ते अजून येतं.

पाणी उतरल्यावर मडकं जागेवरच सापडलं, फडकं बांधलेलं, आणि आत काठोकाठ गढूळ पाणी. मला वाटलं, आता ती ते अंगणात ओतून देईल. पण ती मिठागरवाल्याची मुलगी होती. तिने घरातली सगळ्यात मोठी परात घासून ओट्यावर मांडली, मडक्यातलं पाणी फडक्यातून गाळून तिच्यात ओतलं, आणि शेजारी पाट मांडून बसली. उन्हाची वाट बघत. श्रावणात!

मग आमच्या चाळीचा नवाच दिनक्रम सुरू झाला. ऊन पडलं की परात बाहेर, सर आली की कुणीतरी ओरडायचं, “परात!” आणि हातातलं टाकून सगळे धावायचे. चाचा गळ्यात टेप घेऊन, मी कणकेच्या हाताने. यार्डातले पोरगे ड्यूटीवरून आले की आधी परातीत डोकावायचे. मुलगा रोडपालीहून आला, चिखलाने माखलेल्या भिंती बघितल्या आणि म्हणाला, “बाय, आता तरी चल.” ती म्हणाली, “मीठ पडूं दे, मंग बगू.” तो गाडीकडे वळला. मीठ पडणार नाही, हे त्यालाही दिसत होतं. सारं खारेपण पुराबरोबर वाहून गेलं होतं. पाणी आटत चाललं होतं आणि परातीच्या तळाला नुसता गाळ धरत होता. बाय रोज बोटाने तो बाजूला सारून बघायची आणि परत सारखा करायची. तिचं जेवण कमी झालं. डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. ती या जागेवरून उठणार नाही की काय, अशी मला भीती वाटायला लागली.

एका दुपारी ती पाटावर बसल्या बसल्या पेंगली होती. मी पिंपातून औषधाची बाटली काढली, पावलांचा आवाज न करता ओट्यापाशी गेले आणि माझं मूठभर मीठ परातीत पसरलं. वरून गाळ सारखा केला. घरात आले तेव्हा फार दिवसांनी बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी चांगलं कडक ऊन पडलं. बायने हाक मारली तेव्हा आम्ही सगळे अंगणात आलो. तिने हाताने गाळ बाजूला केला. खाली मीठ होतं. करडे, मोठे, ओबडधोबड खडे. पण थोडे नव्हते. ढीगच होता. मी एक मूठ टाकली होती आणि इथे चांगल्या दोन-तीन ओंजळी दिसत होत्या. मी चाचांकडे पाहिलं. चाचा सुईत दोरा ओवत होते, अंगणात उभं राहून, कापड नसताना. यार्डातले पोरगे गच्चीकडे बघत होते.

बायने एक खडा उचलून उन्हात धरला, फिरवून पाहिला. परातीत जमलेलं मीठ कसं असतं आणि मिठागरात पिकलेलं कसं, हे तिला आम्ही शिकवणार होतो! तिने तो जिभेवर ठेवला. पुरता विरघळू दिला.

“एवरा तं मडक्यात बी नव्हता,” ती शेवटी म्हणाली.

कुणी हसलं नाही. मग चाचा म्हणाले, “माशाल्ला, ऊन चांगलं होतं.” आणि बाय हसायला लागली, पदर तोंडाला लावून, आणि हसता हसताच तिचे डोळे भरून वाहायला लागले. आम्हीही तेच करत होतो.

मीठ गाळातून वेचून कोरडं झाल्यावर तिने आम्हाला आपापल्या बाटल्या आणायला लावल्या. ज्याला-त्याला मूठभर परत दिलं, स्वतःच्या मडक्यात एकच मूठ टाकली. मी म्हटलं, बाय, तुझं आहे, तूच ठेव. “नको. एका जागी ठेवला का एकाच पान्यात जातो,” ती म्हणाली. “वर ठेवा सगल्यांनी.” पुढच्या उधाणाला तिने डबा वाजवला नाही. आता कधी वाजवायचा हे तिलाच ठरवता येईना. दिवाळी झाल्यावर ती मुलाकडे गेली, आणि वर्षभरात चाळीच्या जागी पार्किंगवाली इमारत उभी राहायला लागली. चाचा मुलीकडे गेले, पोरगे पांगले.

रोडपालीला मी तिला भेटायला जायची. उंचावरचा फ्लॅट, गुळगुळीत पांढरं छत, त्याला एकही आकडा नाही. ती खिडकीशी बसलेली असायची, आणि खिडकीतून खाडी दिसायची, पण लांबून. “हिथं वर काय ठेवू गो?” ती म्हणाली. “हिथं आपुनच वर हाव.” शेवटच्या खेपेला मी गेले तेव्हा मडकं खिडकीच्या कट्ट्यावर पालथं होतं. मी विचारलं, मीठ कुठे गेलं?

“खाल्ला,” ती म्हणाली. “रोज पेजेत एक खडा. हिथं पानी येत नाय, मंग कोनापासून सांभालायचा?” थोड्या वेळाने तिने माझा हात धरला. “तुजा हाय ना?”

“आहे, बाय.”

“वर हाय?”

“वर आहे.”

तिने मान हलवली आणि परत खाडीकडे बघायला लागली. त्यानंतर पावसाळा लागायच्या आधीच ती गेली.

आम्ही पनवेलमध्येच घर घेतलं, तळमजल्यावर, नदीच्या बाजूला. सगळ्यांनी वेड्यात काढलं. छताला आकडे ठोकून घेतले तेव्हा गवंड्याने विचारलं, पाळणा बांधायचाय का? पावसाळ्यातल्या अमावास्येला दुपारी माझं कामात लक्ष लागत नाही. इमारत मोठी आहे, माणसं पुष्कळ आहेत, पण डबा कुणी वाजवत नाही, आणि तो आवाज ऐकायला मी आज काहीही देईन. मी कपाटावरची बाटली खाली काढते, झाकण उघडून एक खडा जिभेवर ठेवते आणि बाटली परत वर ठेवते. आता भांगालासुद्धा ती खाली राहू देत नाही.